चहा काळा पडला, बरं झालं

कुठंतरी पाइपलाइनला गळती लागली आणि आमच्या पेठेतले नळ कोरडे पडले. टँकर येईल तेव्हा येईल, म्हणून बिल्डिंगच्या बोअरचं पाणी पिंपात भरून ठेवलं. एरवी ते आम्ही भांडी-फरशीला वापरतो. बादलीत दिसायला अगदी नितळ, वाससुद्धा नाही. आईनं सकाळी त्याच पाण्याचा चहा टाकला. पावडर पडल्यावर पातेल्यात जो तांबूसपणा चढायला हवा तो चढलाच नाही. पाणी शाईच्या रंगाकडे झुकलं, आणि दूध घातल्यावर राखाडी-जांभळं असं काहीतरी तयार झालं की कपात ओतायला हात धजेना. वास चहाचाच होता, आलं-वेलदोडा सगळं जागच्या जागी. पण डोळ्यांनी नको म्हटल्यावर नाकाचं कोण ऐकतं! "लोखंड हाय ह्या पाण्यात," आई म्हणाली. "मी ओतून देतो बघ हे."

माझी भाची आमच्याकडे राहून शिवाजी विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएचडी करते. पाण्यातला धातू ओळखून रंग बदलणारे रेणू तयार करायचे, हे तिचं काम. ती मोरीपाशी आडवी आली, पातेलं आईच्या हातून काढून घेतलं, चमचाभर चहा खिडकीच्या उजेडात धरून बघितला आणि म्हणाली, "आजी, हे तू आत्ता केलंस ना, ह्यालाच आम्ही सेन्सर म्हणतो." आईला त्याचं फारसं कौतुक वाटलं नाही, तिला गॅस वाया गेल्याचं वाईट वाटत होतं. मग सॅक पाठीला अडकवता अडकवता भाची जे बोलली ते माझ्या डोक्यात रुतून बसलं. "बरं झालं मावशी, लोखंडच निघालं. शिसं असतं तर चहा झकास झाला असता."

त्या दिवशी मी दुधावरच भागवलं.

चहातलं टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य, आणि पाण्यातलं लोखंड एकत्र आले की निळसर काळा रंग होतो, हे आमच्या घरात विळीवर वर्षानुवर्षं घडत आलेलं आहे. जुन्या लोखंडी विळीवर आवळा चिरला की पातं काळं, आवळ्याच्या फोडीच्या कडा काळ्या, बोटंही काळी. हिरड्याचं तेच. राधानगरी-शाहूवाडीकडच्या डोंगरांतून हिरडा उतरतो. बाभळीच्या सालीबरोबर त्याच्याही पाण्यात कातडी मुरवायची आणि मग त्यातून आपली कोल्हापुरी चप्पल उभी राहायची, ही इथली जुनी रीत. अशा कमावलेल्या कातड्यावर गंजक्या खिळ्याचं पाणी ठिबकलं तर काळा डाग पडतो आणि तो काही केल्या जात नाही. जुन्या काळी हिरडा आणि लोखंड यांचीच शाई करत. आंध्रातले कलमकारीवाले अजून हिरड्यात भिजवलेल्या कापडावर गंजकं लोखंड गुळाच्या पाण्यात मुरवून केलेल्या रंगानं रेघ ओढतात. रेघ ओढताना फिकट असते आणि बघता बघता काळीभोर होते. रोमन लेखक प्लिनी यानं पहिल्या शतकात लिहून ठेवलंय की तांब्याच्या जंगालात लोखंडाचा क्षार मिसळून विकणारे लोक होते, आणि त्यांना पकडायला टॅनिननं भरलेल्या मायफळाच्या रसात भिजवलेला पपायरस, म्हणजे तेव्हाचा कागद, वापरत. भेसळ असली की कागद काळा. म्हणजे रंग बदलणारी पट्टी आधी बाजारातल्या चोरासाठी निघाली, पाण्याचा नंबर फार उशिरा लागला.

आमच्या लहानपणी भीती होती ती तांब्या-पितळेची. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक राहिलं की कळकायचं. कडेला हिरवट झाक आणि जिभेच्या मुळाशी अशी काही कडसर तुरटी, की तो घोट थुंकला तरी दुपारपर्यंत तोंडात राहायचा. मग कल्हईवाला गल्लीच्या तोंडाशी भाता लावून बसला की घराघरांतून भांडी निघायची. तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट पडली की पांढरा धूर उठायचा, नाकात झोंबायचा, आणि आम्ही पोरं मुद्दाम त्यात तोंड घालायचो. कथलाची कांडी टेकवून तो कापसाच्या बोळ्यानं झरझर हात फिरवायचा, की काळंकुट्ट पातेलं आतून चंदेरी. ते पाण्यात बुडवल्यावर येणारा चर्रर्र आवाज मला अजून ऐकू येतो. आता भांडं चांगलं झालं, हे डोळ्यांना पटायचं. त्या कथलात कोणी स्वस्त म्हणून शिसं मिसळलं असेल तर? तरी पातेलं चंदेरीच दिसलं असतं, ताक कळकलं नसतं आणि आम्ही पोटभर प्यालो असतो. हा विचार त्या वयात कोणाच्या डोक्यात येणार? माझ्या डोक्यात तो आत्ता, भाचीच्या त्या वाक्यानंतर आला.

खरं तर शिशाचा एक रंग आमच्या रोजच्या बघण्यातला होता, तो शिशाचा आहे एवढंच ठाऊक नव्हतं. मारुतीला लावतात तो जुना, अस्सल शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. तेलात कालवलेला, भडक नारिंगी. कोल्हापूर गाण्या-नाटकाचं गाव, त्यामुळे अमक्या गवयाला विड्यातून शेंदूर चारला आणि त्याचा आवाज गेला, अशा गोष्टी घरोघरी चवीनं सांगितल्या जायच्या. खऱ्या किती आणि खोट्या किती देव जाणे, पण शेंदूर पोटात जाऊ द्यायचा नसतो एवढं शहाणपण त्यांनी आम्हाला दिलं. कुंकवाची गोष्ट निराळी. आजी घरी करायची ते हळदीचं कुंकू. परातीत हळद, लिंबाचा रस, टाकणखार. हातानं चोळता चोळता पिवळ्यातून लाल रंग कसा फुटत जायचा हे बघायला आम्ही परातीभोवती उकिडवे बसायचो. टाकणखारात बोरॉन असतं आणि पाण्यातलं बोरॉन मोजायची प्रयोगशाळेतली एक मान्य पद्धत हळदीतल्या कुरकुमिनवरच चालते, हे भाचीनं सांगितलं तेव्हा आईनं शेंगा सोलता सोलता मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. तिच्या लेखी हे प्रमाणपत्र उशिरा आलं होतं.

मग एकदा भाचीची प्रयोगशाळा बघायला गेले. विद्यापीठाच्या माळावर वारा नेहमीचाच, झाडीत कुठंतरी मोर ओरडत होता, आणि इमारतीत पाऊल टाकलं तर नेलपॉलिश काढायच्या द्रावाचा वास. टेबलावर स्टँडमध्ये काचेच्या नळ्या ओळीनं उभ्या होत्या, प्रत्येकीत एकेका धातूचा क्षार विरघळवलेला. शाळेत मोरचूद पाहिलेलं असल्यानं तांब्याची नळी निळी असेल, निकेलची हिरवी, कोबाल्टची गुलाबी असेल अशी माझी समजूत. पण द्रावणं इतकी पातळ होती की सगळ्या नळ्या सारख्याच दिसत होत्या. लेबलं काढली असती तर कुठलीही उचलून प्यायली असती कोणी. भाचीनं प्रत्येक नळीत आपल्या रेणूचे दोन-दोन थेंब सोडले. पहिली तशीच, दुसरी तशीच. जिच्यावर तांब्याचं लेबल होतं ती मात्र तळापासून गुलाबी होत वर चढली. ती भाची, हे इतक्यांदा पाहिलेली मुलगी, रंग चढताना हसली. मलाही टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, आणि लगेच अवघडल्यासारखं झालं. पाण्यात नको ते आहे, ही बातमी इतक्या गोड रंगात यावी?

तिच्या कामाचं मूळ रोडामाइन बी या रंगात आहे. तोच तो, स्वस्त मिठाईला गुलाबी करणारा, ज्याच्यावरून 2024 मध्ये शेजारच्या कर्नाटकानं गोबी मंचुरियन आणि बुढ्ढी के बाल यांतल्या कृत्रिम रंगांवर बंदी आणली. या रेणूला हायड्राझिन जोडलं की त्याच्या पोटात एक कडी बंद होते आणि रंग नाहीसा होतो. पाण्यात तांब्याचा आयन आला की तो रेणूच्या नायट्रोजन-ऑक्सिजनच्या टोकांना धरतो, कडी उघडते आणि इलेक्ट्रॉनांना रेणूभर पसरायला वाट मिळते. तशी वाट मिळाली की रेणू हिरवा प्रकाश शोषून घेतो, उरलेला आपल्या डोळ्यांत येतो, आणि तो आपल्याला गुलाबी दिसतो. 1997 मध्ये अमेरिकेतल्या अँथनी झार्निक यांच्या गटानं हे दाखवून दिलं आणि तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांतून या घराण्याची पोरंबाळं निघत आहेत. त्या पहिल्या रेणूची एक गंमत अशी की उघडलेली कडी पुन्हा मिटत नाही. एकदा उत्तर दिलं की तो संपला. पुढं निघालेले काही उलट दिशेनंही जातात. त्यांच्यात ईडीटीए नावाच्या रसायनाचा थेंब टाकला की तो धातूला ओढून घेतो आणि रंग मावळतो. भाचीचा दुसऱ्या जातीतला आहे, म्हणून तिची पट्टी धुऊन परत वापरता येईल अशी तिला आशा आहे. तिच्या गाईडना तितकीशी नाही.

पण रेणूला तांबंच कसं कळतं, जस्त का नाही, निकेल का नाही? हे मी तिला जेवताना विचारलं आणि पुढचा अर्धा तास भाकरी गार झाली. एक म्हणजे माप. 1967 मध्ये चार्ल्स पेडरसन यांनी मुकुटासारखे कडे असलेले क्राउन ईथर जगापुढे मांडले. कड्याच्या पोकळीत बसेल तोच आयन तो घट्ट धरतो. कासार मनगट दाबून 'दोन-सहा' म्हणतो आणि नेमकी तीच बांगडी चढवतो, तसं. 1987 चं नोबेल पेडरसन, लेन आणि क्रॅम या तिघांना याच कामासाठी मिळालं. पण माप जुळून भागत नाही, आवडनिवडही असते. पारा आणि शिसं यांना गंधकाची ओढ, म्हणून गंधक असलेला डायथिझोन हा हिरवा रेणू शिसं भेटलं की लालभडक होतो. निकेलला ओढ डायमिथिलग्लायॉक्झिमची, हे नातं 1905 मध्ये रशियातल्या चुगायेव यांनी शोधलं. निकेल असेल तर डाळिंबी साका बसतो. हुपरीला चांदीचा टंच काढताना आम्लातल्या डायक्रोमेटचा थेंब चांदीवर रक्तासारखा लाल होतो, तोही या नातेवाइकांतलाच. भाची मात्र म्हणाली, "मावशी, पेपरात सगळं छान दिसतं. रेणू ॲसिटोनायट्राइलसारख्या द्रावकात असतो, पाणी डिस्टिल्ड असतं. पंचगंगेचं पाणी आणून ओतलं की खरी परीक्षा." पंचगंगेच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, गाळ, साबण, कुजलेला पाला, आणि सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे खुद्द पाणी. ते आयनाभोवती असं काही गोळा होतं की रेणूला जवळ जायला फटच मिळत नाही.

आई हे सगळं ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तिनं आपला तांब्याचा लोटा पुढं केला. रात्रभर भरून ठेवलेलं पाणी सकाळी पहिल्यांदा प्यायचं, हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम. भाचीनं फिल्टर पेपरची पट्टी बुडवली. थोड्या वेळानं कडेला अगदी फिकी गुलाबी झाक आली, आहे म्हटलं तर आहे, अशी. मी दचकले. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यातल्या तांब्याची शेवटची मर्यादा लिटरला 1.5 मिलिग्रॅम आहे आणि ही झाक त्याच्या पुष्कळ अलीकडची आहे, हे भाचीनं समजावलं. आईला समजावायची गरज पडली नाही. "तांब्यातलं पाणी हाय. तांबं असणारच की," म्हणाली आणि लोटा तोंडाला लावला.

तांब्याच्या बाबतीत हे सेन्सर उपयोगी पडतात याचं कारण आकड्यांत आहे, आणि शिशाच्या बाबतीत गाडी अडते त्याचंही. या विषयातले लोक 'मायक्रोमोलरपर्यंत दिसतं' असं अभिमानानं लिहितात. मोलर हे वजनाऐवजी कणांच्या संख्येनं मोजायचं माप. ऐकायला ते फार बारीक वाटतं. एक मायक्रोमोलर तांबं म्हणजे लिटरला सुमारे 64 मायक्रोग्रॅम, मर्यादेच्या कितीतरी खाली. उत्तम. पण एक मायक्रोमोलर शिसं म्हणजे लिटरला 207 मायक्रोग्रॅम, आणि शिशाची मर्यादा आहे 10. म्हणजे पट्टीनं रंग दाखवला तेव्हा शिसं मर्यादेच्या वीसपट झालेलं असतं. दहापट शिसं असलेल्या पाण्यात ती पट्टी पांढरीशुभ्र राहील. दहा मायक्रोग्रॅम म्हणजे किती, हे मला काही केल्या डोळ्यांपुढं आणता येईना. तेव्हा आम्ही गच्चीवरच्या हजार लिटरच्या काळ्या टाकीचा हिशेब मांडला. त्या भरल्या टाकीत फक्त 10 मिलिग्रॅम शिसं, म्हणजे तापाच्या 500 मिलिग्रॅमच्या गोळीचा पन्नासावा भाग. एवढ्यानं चहाचा रंग बदलावा अशी अपेक्षा मी कुठल्या तोंडानं करणार होते? भाचीच्या शेजारच्या टेबलावर यासाठी सोन्याचे अतिसूक्ष्म कण वापरतात. फॅरेडेनं 1857 मध्ये अभ्यासलेलं, पाण्यात तरंगणारं सोनं. ते लाल दिसतं आणि धातूच्या आयनांनी कण एकमेकांजवळ ओढले गेले की निळं-जांभळं होतं. त्यानं थोड्या खालच्या पातळीपर्यंत जाता येतं म्हणे. मी बाटलीचा फोटो आईला दाखवला. गुजरीतल्या पेढीवर आयुष्यभर घासाघीस केलेली बाई ती, म्हणाली, "लाल सोनं? परत करा म्हणावं."

रंग बदलला की प्रश्न सुटतो असं आपल्याला वाटतं, माझा घोळ होतो तो रंग न बदलण्याशी. पट्टी पांढरी राहिली तर धातू नसेल. किंवा असेल, पण पट्टीला दिसण्याइतका नसेल. किंवा भरपूर असेल, पण गाळानं, कुठल्या आम्लानं धरून ठेवला असेल. किंवा वेगळाच असेल, ज्याच्याबद्दल या पट्टीला कोणी विचारलेलंच नाही. लोखंडाची पट्टी आर्सेनिकबद्दल गप्प बसते, तो काही तिचा खोटेपणा नव्हे. पण आपण त्या गप्प बसण्याचा अर्थ 'पाणी चांगलं' असा लावून मोकळे होतो. मी लावलेला आहे. बोअरच्या बादलीतलं नितळ पाणी बघून मीच तर पिंप भरलं होतं. आणि ते पाणी लोखंडाच्या बाबतीतही नितळच होतं, कारण जमिनीखालचं लोखंड विरघळलेल्या रूपात बिनरंगाचं असतं. हवा लागून तास-दोन तास गेले की मग तळाला तांबूस गाळ बसतो. आईच्या चहानं तो उशीर तेवढा वाचवला.

बांगलादेशात आर्सेनिकच्या हातपंपांची तपासणी झाली तेव्हा अशाच रंगांवर लाखो घरांचं पाणी ठरलं. बाटलीत जस्त आणि आम्ल घालायचं, आर्सेनिकचा वायू होतो, तो वर लावलेल्या मर्क्युरिक ब्रोमाइडच्या कागदाला पिवळा-तपकिरी करतो. एक विष पकडायला दुसरं विष. मग पंपाचं तोंड रंगवायचं, धोका असेल तर लाल, नसेल तर हिरवं. काही वर्षांनी तो ऑइलपेंट उडाला, आणि कुठला पंप कुठला हे ज्याच्या त्याच्या आठवणीवर राहिलं. आपल्याकडे गावाच्या पाण्याला कार्ड मिळतं, लाल, पिवळं, हिरवं, आणि सलग पाच वर्षं हिरवं टिकवलं तर चंदेरी. माहेरच्या गावी जलसुरक्षक सकाळी टाकीवर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो आणि नळावर ओटी टेस्ट घेतो. नळीत पिवळा रंग आला की क्लोरीन पोचलं. तो पिवळा किती पिवळा, हे तो कार्डावरच्या पट्ट्यांशी ताडून बघतो, कधी उन्हात, कधी ग्रामपंचायतीच्या ट्यूबलाइटखाली, आणि दोन्हीकडे तो पिवळा वेगळा दिसतो. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच-पाच बायकांना किट वापरायला शिकवलंय. त्यांच्यातली एक मला म्हणाली, लोखंडाची टेस्ट सगळ्यांत आवडते, कारण नळी केशरी होते. त्या रसायनाचं नाव ऑर्थोफेनँथ्रोलिन. तिनं हे नाव न अडखळता घेतलं, मी दोनदा अडखळले.

आणि हे सगळं रंगपुराण ज्या गावात चाललंय त्या गावाची नदी डोळ्यांना दिसेल अशी रंग बदलत आलेली आहे. प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंत पंचगंगा किती रूपं दाखवते ते शिरोळकडच्या माणसाला विचारावं. उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा गालिचा, त्याखाली काळं पाणी, फेस, उलटे पडलेले मासे आणि गाडीची काच बंद केली तरी आत येणारा तो वास. त्यासाठी कुठला रेणू लागत नाही, प्रयोगशाळेतली काचेची कुपी लागत नाही. काळ्या पाण्याच्या बाटल्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवणारी आंदोलनं आपण वर्षानुवर्षं पेपरात बघतो. भाचीला मी एकदा चिडूनच म्हटलं, की दिसतंय त्याचं कोणी काही करत नाही, तर तू न दिसणारं दाखवून काय होणार? ती चिडली नाही. म्हणाली, नदी काळी दिसली की माणसं निदान पीत नाहीत. तिला भीती आहे ती नितळ दिसतं म्हणून प्यायल्या जाणाऱ्या पाण्याची. मला हे पटलं, आणि माझा राग काही गेला नाही. दोन्ही एकदम.

तर आमच्या बोअरचं काय, हा प्रश्न उरलाच होता. लोखंडाचा बंदोबस्त होतो, हवा खेळवून आणि वाळूतून गाळून. पण शिशाचं भूत आता मीच सोसायटीच्या मीटिंगमध्ये सोडलं होतं. त्याला आधारही होता. पीव्हीसीच्या पाइपांत टिकाऊपणासाठी शिशाची संयुगं घालायची पद्धत होती आणि केंद्र सरकारनं ती आवरायला नियम केले ते 2021 मध्ये, आमच्या बिल्डिंगचे पाइप त्याच्या कितीतरी आधीचे. "पट्टी आणा की स्वस्तातली, बुडवून बघू," असं लगेच पुढं आलं. एरवी मीही हात वर केला असता. भाचीकडून शिकलेला 207 चा हिशेब मी खडूनं पार्किंगच्या फरशीवर मांडला. काही जण पटलं म्हणून आणि बाकीचे डास चावत होते म्हणून तयार झाले, नमुना प्रयोगशाळेतच पाठवायचा ठरला. तिथल्या फॉर्मवर धातूंची नावं, प्रत्येकापुढं चौकट आणि चौकटीपुढं दर. जे विचाराल तेवढंच मोजणार. शिशावर खूण झाली, आर्सेनिकवर झाली, कॅडमियमवरून वाद झाला आणि झाली. पाऱ्याचा दर वाचून सेक्रेटरी म्हणाले, तो पुढच्या वर्षीच्या बजेटात धरू. नमुना घ्यायचा तो पहाटेच्या पहिल्या धारेचा, पाणी रात्रभर पाइपात मुरल्यावरचा, नळ आधी न सोडता. तळमजल्यावरचे काका तसेही चारला उठून खोकत असतात, त्यामुळे बाटली त्यांच्याकडे दिली आहे.